पेला हलवल्याशिवाय कॉफी थांबत नाही

१. किती कप प्यायचे?

रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांत घरातला एखादा तरी माणूस दुबईला, मस्कतला नाहीतर कुवेतला असतो. नव्याने निघालेला आधी पगाराची चौकशी करतो, मग राहण्याच्या खोलीची. त्यानंतर केव्हातरी हा प्रश्न येतोच : "अरबी मालकाने घरी बोलावलं आणि तो कॉफी ओततच राहिला, तर नको कसं म्हणायचं?"

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तोंडाने "पुरे" म्हटलं तर ते भिडेपोटी म्हटलंय असं समजून कॉफी पुन्हा ओतली जाते. कप रिकामा करून हातात धरून बसलात तर तो भरला जातो. न पिता भरलेलाच खाली ठेवलात तर त्याचा अर्थ भलताच होतो, आणि तो अर्थ घेऊन यजमान गंभीर होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

उत्तर असं आहे. रिकामा कप उजव्या हाताच्या बोटांत धरायचा आणि मनगटातून दोन-तीनदा हलकेच इकडून तिकडे हलवायचा. ओतणारा काही न बोलता कप परत घेतो. निदान एक कप घ्यावा आणि तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत, हा आखाती देशांतला सर्वसाधारण रिवाज. कपही केवढा, तर आपल्या बोळक्याएवढा, बिनकानाचा. त्याला फिंजान म्हणतात, आणि त्यातही कॉफी जेमतेम पाव भाग असते.

एवढं कळलं की नोकरदाराचं काम भागतं. पण कप एवढा लहान का, पाव भागच का, आणि "पुरे" सांगायला खूण कशाला लागते, हे समजून घ्यायचं तर वाळवंटात जावं लागेल. अरबी पाहुणचार म्हणजे मोकळा हात आणि भरलेली थाळी अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. तिथला पाहुणचार हा एक कायदा आहे. तो यजमानाला बांधतो तितकाच पाहुण्यालाही बांधतो, आणि त्याची बरीचशी कलमं खाण्यापिण्यातून बोलली जातात.

२. वाळवंटातली भिशी

अरबस्तानातल्या भटक्या पशुपालकांना आपण बेदुइन म्हणतो. शेळ्यामेंढ्या, उंट, केसांच्या कापडाचा तंबू आणि पावसामागे फिरणं असा त्यांचा संसार. एका विहिरीपासून दुसरीपर्यंत कधी कधी काही दिवसांची चाल. वाटेत धर्मशाळा नाही, खानावळ नाही. माणूस उंट हरवून, पाणी संपून किंवा नुसता वाट चुकून कोणाच्या तरी तंबूपाशी पोचला, तर त्या तंबूशिवाय त्याला दुसरा आधारच नसे.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका कुटुंबाकडे चाळीस शेळ्यामेंढ्या आहेत. वर्षातून पाच-सहा वेळा परका वाटसरू येतो आणि दर वेळी एक जनावर कापावं लागतं. म्हणजे कळपाचा सातवा-आठवा हिस्सा परक्यांच्या पोटात गेला. सौदा आतबट्ट्याचा वाटतो. पण त्याच वर्षी या घरचे पुरुष चाऱ्याच्या शोधात, बाजाराला, सोयरिकीला म्हणून वीस-पंचवीस रात्री दुसऱ्यांच्या मुलखात काढतात. त्यातल्या एका रात्री जरी कोणी तंबूत घेतलं नाही, तरी जिवाशी गाठ. कळप पुन्हा वाढतो, माणूस वाढत नाही. एरवी ही आपल्या चाळीतली भिशीच. दर खेपेला प्रत्येकाने आपला वाटा टाकायचा आणि आपली पाळी आली की उचलायचा. फरक इतकाच, की इथे पाळी कोणाची आणि कधी हे ठरलेलं नसतं, वही कोणी ठेवत नाही, आणि ज्याला दिलं त्याच्याकडूनच परत मिळेल असंही नाही.

यात आणखी एक व्यवहार दडलेला आहे. तिथल्या उन्हात मांस टिकत नाही. एक मेंढा कापला तर एकट्या पाहुण्याला तो संपणार नाही, म्हणून आजूबाजूचे तंबूही जेवायला येतात. एरवी दूध, खजूर आणि राखेत भाजलेली भाकरी यांवर दिवस काढणाऱ्यांना पाहुणा आला की मांस मिळे. पुढच्या पंधरवड्यात शेजाऱ्याकडे कोणी आला की हे तिकडे जात. त्यामुळे लांबवर धूळ दिसली की सगळ्या वस्तीलाच आनंद व्हायचा, आणि त्यात पोटाचाही भाग होता.

इतकं सगळं हिशेबात बसतं. पुढचं बसत नाही. ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजरने १९४६-४७च्या हिवाळ्यात बेदुइन सोबत्यांसह रुब अल् खाली, म्हणजे अरबस्तानचं 'रितं चतकोर', ओलांडलं. 'अरेबियन सँड्स' हे त्याचं पुस्तक १९५९मध्ये आलं. त्यात तो सांगतो, की बरेच दिवस अर्धपोटी चालल्यावर मुसल्लिम नावाच्या सोबत्याने चालत्या उंटावरून उडी टाकली, बिळात हात घातला आणि ससा ओढून काढला. तो कसा शिजवायचा यावर सगळ्यांचा खल झाला, मांस चुलीवर चढलं, घमघमाट सुटला, आणि तेवढ्यात तीन अरब येऊन ठेपले. मांस आणि भाकरी त्यांच्यापुढे गेली. यजमान मंडळी बाजूला बसून, देवानेच तुम्हाला या शुभवेळी पाठवलं, असं हसतमुखाने म्हणत राहिली. थेसिजरही म्हणत होता. मनातून मात्र त्याला त्या पाहुण्यांचा जीव घ्यावासा वाटत होता, आणि हे त्याने लपवलेलं नाही.

त्याच पुस्तकात एक फाटक्या अंगरख्यातला म्हातारा येतो. सगळे त्याला एवढा मान का देतात, हे थेसिजरला कळेना. थेसिजरचा तरुण सोबती बिन कबिना सांगतो, की हा एकेकाळी टोळीतला मोठा श्रीमंत होता, आता दोन-चार शेळ्या उरल्यात. कशाने बुडाला? दिलदारपणाने. तंबूत कोणीही आलं की हा उंट कापायचा. हे सांगताना बिन कबिनाच्या आवाजात कीव नव्हती, हेवा होता. म्हणजे ज्या समाजात दुष्काळाच्या किंवा धाडीच्या एका फटक्यात कळप जाऊ शकतो, तिथे न जाणारी ठेव एकच, ती म्हणजे नाव. म्हाताऱ्याने उंट देऊन ती घेतली होती.

३. हातिमचा घोडा आणि मर्वचा चिक्कू

नावाची ही ठेव किती टिकते, याचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. हातिमताई म्हटलं की आपल्याला सात प्रश्नांची उत्तरं शोधत फिरणारा, पऱ्या आणि राक्षसांशी झुंजणारा वीर आठवतो. ती सगळी नंतरच्या फार्सी कथाकारांची करामत. खरा हातिम सहाव्या शतकात उत्तर अरबस्तानात ताई टोळीत होऊन गेला. तो कवी होता, सरदार होता, इस्लामपूर्व काळातला ख्रिस्ती होता, आणि त्याची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे पाहुण्यांना जेवू घालणं.

त्याच्याबद्दलची सर्वांत गाजलेली गोष्ट घोड्याची. तेराव्या शतकात फार्सी कवी सादीने 'बोस्तान'मध्ये ती सांगितली आहे. रूमच्या बादशहाला हातिमच्या दानतीची परीक्षा घ्यायची होती, म्हणून त्याने हातिमचा जिवापाड जपलेला घोडा मागायला दूत पाठवला. दूत पोचला तो रात्री, धो धो पावसात. कळप दूरच्या कुरणात अडकलेले. हातिमने पाहुण्यांना जेवू घातलं, झोपवलं. सकाळी दूताने मागणी सांगितली तेव्हा हातिमने कपाळाला हात लावला. काल रात्री हे बोलला असतात तर! घरात दुसरं काही नव्हतं, तुमच्या पानात वाढला तो तोच घोडा.

गोष्ट घडली असेल की नाही, हा प्रश्न सोडून देऊ. तिच्यातला बारकावा महत्त्वाचा. हातिमने दूताला आल्या आल्या, कशासाठी आलात असं विचारलं नाही. आधी जेवण, मग काम, हे कलम त्याने मोडलं असतं तर घोडा वाचला असता. मुस्लिम परंपरेत असंही सांगतात, की हातिमची मुलगी युद्धात कैद होऊन मदिनेत आली, तेव्हा तिच्या बापाच्या औदार्याची कदर करून पैगंबरांनी तिला सोडून दिलं.

औदार्याचं एवढं स्तोम माजलं, की चिक्कूपणा हाही मग साहित्याचा विषय होणारच. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल् जाहिझ या खट्याळ लेखकाने कंजुषांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात मर्व शहरातला एक व्यापारी दर वर्षी इराकमधल्या एकाच माणसाकडे उतरतो, खातो-पितो आणि म्हणतो, एकदा मर्वला या, म्हणजे मला या उपकाराची फेड करता येईल. पुढे इराकी माणसाला खरोखरच मर्वला जावं लागतं. व्यापारी त्याला ओळखतच नाही. प्रवासात चेहरा गुंडाळलेला म्हणून असेल, असं वाटून हा तोंडावरचं फडकं काढतो, मग पागोटं, मग टोपी. शेवटी व्यापारी सांगतो : बाबा रे, अंगाची कातडी सोलून काढलीस तरी मी तुला ओळखणार नाही! अकराशे वर्षं लोक यावर हसत आले आहेत. ज्या काळी शहरात पैसे मोजून उतरायची सोय झाली होती, त्या काळातलं हे हसू आहे. वाळवंटात असा माणूस जगलाच नसता.

४. तीन दिवस

तर यजमानाने काय करायचं ते पाहिलं. पाहुण्याने काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे वेळेत निघायचं. पाहुणचार तीन दिवसांचा आणि त्यापुढचं ते दान, असं पैगंबरांचं वचन परंपरेत सांगितलं जातं. यजमान अडचणीत येईल इतका मुक्काम लांबवू नये, अशी ताकीदही त्याच वचनात आहे. ही तीन दिवसांची मर्यादा सगळ्या अरब जगात रुजलेली आहे. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली," असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला अरब यजमान फारच सोशिक वाटेल.

या तीन दिवसांत नाव, गाव, टोळी, कामधंदा विचारायचा नाही, अशी बेदुइनांची जुनी रीत सांगतात. कारण उघड आहे. आलेला माणूस वैरी टोळीतला निघाला तर? नाव कळलं की वैर आठवावं लागेल. न विचारलेलंच बरं.

आणि एकदा त्याने तुमचं मीठभाकर खाल्लं की तो तुमच्या संरक्षणात आला. तुमच्या तंबूत त्याच्या केसालाही धक्का लागला तर बेअब्रू तुमची. निघून गेल्यावरसुद्धा, खाल्लेलं अन्न पोटात आहे असं मानलं जाईल तोवर, ही जबाबदारी चालू राही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डाउटीसारखे युरोपीय प्रवासी अरबस्तानात फिरू शकले ते याच आडोशाने. डाउटी तर मी ख्रिस्ती आहे असं उघड सांगत हिंडला, त्यापायी वारंवार संकटात सापडला, आणि तरी एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जात जिवंत परतला. पाहुण्याची बाजू म्हणजे यजमानाचं घर न्याहाळायचं नाही, बायाबापड्यांकडे पाहायचं नाही, वाढलेल्याला नाव ठेवायचं नाही, आणि इथून गेल्यावर खरं ते सांगायचं. शेवटचं कलम सर्वांत जड. यजमानाचं नाव दहा तंबूंत नेणारा तोच असतो.

यजमानाच्या बाजूचं आणखी एक नाजूक कलम इब्राहिमच्या कथेतून आलं आहे. कुराणात इब्राहिमकडे अनोळखी पाहुणे येतात, तेव्हा तो गुपचूप आत जातो आणि भाजलेलं वासरू घेऊन येतो. भाष्यकारांनी त्या 'गुपचूप'वर बोट ठेवलं. जेवणार का, असं विचारलं की पाहुणा संकोचून नाही म्हणतो. म्हणून विचारायचं नाही, आणायचं.

५. कॉफीची भाषा

आश्चर्य असं, की आज ज्या पेयावर हा सगळा डोलारा उभा आहे ते हातिमला माहीतही नव्हतं. कॉफी पंधराव्या शतकात येमेनमध्ये सुफी साधकांनी रात्रीच्या जागरणासाठी वापरायला सुरुवात केली आणि तिथून ती वर सरकली. १५११मध्ये मक्केत कैरोच्या ममलुक राजवटीचा अधिकारी खैर बेग याने तिच्यावर रीतसर खटला भरून बंदी घातली. लोक कॉफीच्या निमित्ताने जमतात आणि नको ते बोलतात, ही खरी तक्रार होती. कैरोहून ती बंदी लवकरच उठली. पुढे कॉफीने तंबूत दुधाची आणि पाण्याची मानाची जागा घेतली. पाहुणचाराचे नियम जुने होतेच, ते नव्या भांड्यात ओतले गेले.

आता ही कॉफी करतात कशी ते जवळून पाहू. पाहुणा बसल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत, हिरव्या बिया लांब दांड्याच्या उथळ लोखंडी पळीत निखाऱ्यावर भाजतात. आखातात त्या फिकट सोनेरी ठेवतात, जॉर्डनकडे काळपट होईपर्यंत नेतात. मग त्या गार करून पितळी किंवा तांब्याच्या खलात कुटतात. कुटणं मुद्दाम तालात. बत्ता खलाच्या कडेला घासून वर येतो आणि घंटेसारखा वाजतो. तो आवाज म्हणजे आजूबाजूच्यांना आमंत्रण : या, इथे कोणीतरी आलंय. पूड मोठ्या भांड्यात उकळतात, त्यात वेलदोडा आणि ऐपतीप्रमाणे केशर किंवा लवंग. मग निवळलेली कॉफी लहान दल्ल्यात ओततात. दल्ला म्हणजे चोचीची, कमरेत बारीक कॉफीदाणी. संयुक्त अरब अमिरातीचं एक दिरहमचं नाणं कोणी आणून दिलं असेल तर उलटून पाहा, त्यावर तोच आहे. त्याच्या चोचीत खजुराच्या झाडाच्या काथ्याचा बोळा असतो. तीच गाळणी. साखर अजिबात नाही, म्हणून आधी खजूर.

वेलदोडा बहुतेक आपल्याकडचा असेल असं आपल्याला वाटतं. पूर्वी तसंच होतं. विसाव्या शतकात मात्र ग्वातेमालाने ही बाजारपेठ काबीज केली. वेलदोडा स्वतः फारसा न खाणारा तो देश आता सौदी अरेबियाच्या कॉफीला वास पुरवतो.

ओतणारा उभा राहतो. दल्ला डाव्या हातात, एकात एक बसवलेले फिंजान उजव्या हातात. पहिला कप सर्वांत मानाच्या किंवा वडीलधाऱ्या पाहुण्याला. घेणाऱ्यानेही उजव्या हातानेच घ्यायचा. पाव भागच ओतायचा, कारण थोडी ओतली की ती गरम राहते, पुन्हा ओतावी लागते, म्हणजेच ओतणाऱ्याला तुमच्याजवळ थांबावं लागतं. बेदुइनांच्या रिवाजात काठोकाठ भरलेला कप म्हणजे, पी आणि निघ. आपल्याकडून नवखा गेलेला माणूस भरलेला कप पाहून खूश होण्याची शक्यता आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

जॉर्डन आणि उत्तर अरबस्तानातल्या टोळ्यांत कपांना अनुक्रमाने अर्थ आहेत. पहिला यजमान स्वतः पितो, कॉफीत विष नाही हे दाखवायला. दुसरा पाहुण्याचा, तो प्यायलात की मीठभाकरीचं नातं जुळलं. तिसरा निव्वळ चवीचा, मजेचा. चौथा तलवारीचा. तो घेतलात तर यजमानावर कोणी चालून आलं तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहण्याचं वचन दिलंत. तीनवर थांबण्याच्या रिवाजाला हीही एक बाजू आहे.

आता न पिता खाली ठेवलेल्या कपाकडे येऊ. पाहुण्याने भरलेला फिंजान समोर ठेवला आणि हात आवरला, तर त्याचा अर्थ : मला काही मागायचं आहे, ते मिळाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. पाहुणा कॉफी न पिता गेला तर यजमानाची अब्रू जाते, त्यामुळे हा आर्जवाइतकाच दबावही असतो. जॉर्डनमध्ये मुलीला मागणी घालताना हे आजही होतं. मुलाकडचे वडीलधारे घोळक्याने जातात. या शिष्टमंडळाला जाहा म्हणतात. कॉफी येते. म्होरक्या कप ठेवून देतो आणि येण्याचं कारण सांगतो. मुलीकडचा म्होरक्या म्हणतो, कॉफी प्या. एवढ्यात लग्न ठरतं. सगळे कप उचलतात. हल्ली दोन्ही घरांनी आधीच सगळं पक्कं केलेलं असतं आणि जाहा हा सोहळा उरला आहे. पण खुनाच्या किंवा गंभीर अपघाताच्या प्रकरणात, जिथे काहीच पक्कं नसतं, तिथेही हेच घडतं. आरोपीच्या बाजूचे प्रतिष्ठित मृताच्या घरी जातात आणि ठरावीक मुदतीचा तह मिळेपर्यंत कॉफीला हात लावत नाहीत. कोर्ट आहे, पोलीस आहेत, तरी ही बैठक होते. दोन घराण्यांना त्याच गावात राहायचं असतं आणि निकालपत्राने ती सोय होत नाही.

२०१५मध्ये युनेस्कोने अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार यांच्या अरबी कॉफीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. चौघांनी मिळून मिळवलेला हा मान वाटून घेणं मात्र जड गेलं असावं. सौदी सरकारने २०२२ हे 'सौदी कॉफीचं वर्ष' जाहीर केलं आणि हॉटेलांनी 'अरबी कॉफी'ऐवजी 'सौदी कॉफी' लिहावं असा आदेश काढला.

६. ताट, आणि ताटामागचे हात

जेवणाचं एकच उदाहरण घेऊ, जॉर्डनचं मनसफ. मेंढीच्या दह्याचे मीठ लावून उन्हात दगडासारखे कडक वाळवलेले गोळे असतात, त्यांना जमीद म्हणतात. ते पाण्यात विरघळवून त्या आंबट रश्श्यात मेंढीचं मांस शिजवतात. मोठ्या परातीत कागदासारखी पातळ शराक रोटी, तिच्यावर भात, त्यावर मांस, तळलेले बदाम, आणि वरून रस्सा. परातीभोवती माणसं उभी राहतात, डावा हात पाठीमागे, उजव्या हाताने भाताचा गोळा वळून तोंडात. आपल्या समोरच्याच भागातून खायचं. यजमान खात नाही, तो फिरत राहतो, मांसाचे चांगले तुकडे तोडून पाहुण्यांपुढे सारतो. जुन्या रीतीत मेंढीचं डोकं भातावर मध्यभागी ठेवत. त्याचा व्यावहारिक उपयोग असा, की यजमानाने अख्खं जनावर कापलंय, बाजारातून मांस विकत आणलेलं नाही, हे बघणाऱ्याला कळे.

पाहुण्यांचं झालं की ती परात घरातल्या पुरुषांकडे, मग मुलांकडे आणि आत बायकांकडे जाई. भरपूर रांधण्याचं हे एक कारण. पाहुण्याने परात चाटूनपुसून साफ केली तर मागच्यांचं पोट मारलं गेलं, म्हणून उरवणं ही रीत. आता मागे खाणारं कोणी नसतं, पण परातीचा आकार तोच राहिला आहे, आणि आखातात लग्नकार्यानंतर अन्न गोळा करून गरजूंकडे नेणाऱ्या संस्था उभ्या कराव्या लागल्या आहेत.

नाव यजमानाचं, पण रांधणारे हात कोणाचे? तंबूत ते बायकांचे होते, आणि ज्यांच्याकडे गुलाम होते त्यांच्याकडे गुलामांचे. आज श्रीमंत घरांत ते बरेचदा केरळच्या, बांगलादेशच्या, फिलिपिन्सच्या माणसांचे असतात. मोठ्या मेजवानीत कॉफी ओतणाराही पगारी असतो. पाहुणचाराचं कौतुक करणाऱ्या लिखाणात हे सहसा येत नाही. यायला हवं. बायकांच्या वेगळ्या बैठकी असतात, तिथेही हेच नियम आणि तितक्याच काटेकोरपणे पाळले जातात. त्यांच्याबद्दल आपल्याला कमी माहीत असतं, कारण लिहिणारे प्रवासी पुरुष होते.

आखातात जेवणानंतर चहा येतो आणि सगळ्यांत शेवटी ऊद. सुगंधी लाकडाचा तुकडा निखाऱ्यावर ठेवलेली धूपदाणी हातोहात फिरते. प्रत्येक जण धूर दाढीकडे, कपड्यांत घेतो. ही निरोपाची खूण. ऊद फिरल्यावर बसायचं नाही, अशी तिकडे यमकातली म्हणच आहे. यजमानाला "आता निघा" म्हणावं लागत नाही आणि पाहुण्याला घड्याळ पाहावं लागत नाही.

कॉफीची सत्ता सगळीकडे सारखी नाही, हेही जाता जाता नोंदवू. मोरोक्कोत मान पुदिन्याच्या गोड चहाचा, तोही चिनी हिरव्या पत्तीचा, हात उंच करून पेल्यात धार सोडलेला. इराकमध्ये काळा चहा, मधे बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात. येमेनमध्ये कॉफी उगवते खरी, पण घरोघरी कॉफीच्या फळाच्या टरफलांचा, सुंठ घातलेला काढाच जास्त पितात. आणि दुबई-दोह्याच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजवून मागवला जातो तो कडक दुधाचा वेलची घातलेला 'करक'. तो भारत-पाकिस्तानातून गेलेल्या माणसांनी तिकडे नेला. अरबांनी त्यातला 'कडक' शब्दही ठेवून घेतला.

७. ज्या सभेला परवाना लागत नाही

पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीला बहुतेक ठिकाणी मजलिस म्हणतात, कुवेतमध्ये दिवाणिया. भिंतीलगत चहूबाजूंनी गाद्या, मधे मोकळी जागा, दार शक्यतो थेट रस्त्याकडे, म्हणजे आत येणाऱ्याला घरातून जावं लागत नाही. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री दार उघडं असतं. कोणीही येतो, सलाम करतो, कॉफी घेतो, बसतो. नोकऱ्या, सोयरिकी, धंद्यातले तंटे तिथेच मार्गी लागतात.

कुवेतचं १९६२चं संविधान खासगी बैठकीला परवानगीची गरज नाही, आणि अशा बैठकीला पोलिसांनी हजर राहू नये, असं सांगतं. याची खरी किंमत १९८६नंतर कळली. त्या वर्षी अमीरने संसद बरखास्त केली, वृत्तपत्रांवर नियंत्रणं आली, जाहीर सभा घेणं अशक्य झालं. डिसेंबर १९८९पासून माजी खासदार दर सोमवारी एकेकाच्या दिवाणियात जमू लागले. निमित्त नेहमीचंच, आलेल्यांना कॉफी. मागणी एकच, संसद परत आणा. गर्दी दिवाणियात मावेना, रस्त्यावर सांडू लागली. जानेवारी १९९०मध्ये पोलिसांनी वाटा अडवल्या, माणसं पांगवली. आलेल्या पाहुण्यांना यजमानाच्या दारातून हुसकलं, याचा राग संसदेबद्दल फारसं देणंघेणं नसलेल्यांनाही आला. ऑगस्टमध्ये इराकने आक्रमण केलं आणि सगळंच थांबलं. मुक्ततेनंतर ऑक्टोबर १९९२मध्ये निवडणूक झाली, तेव्हा उमेदवार रात्रीतून अनेक दिवाणिये करत होते. प्रत्येक ठिकाणी बसायचं, कॉफी घ्यायची, प्रश्न ऐकायचे, फिंजान हलवून उठायचं.

या सगळ्यात बायका नव्हत्या. त्यांना मताचा हक्क मिळाला २००५मध्ये, आणि २००९मध्ये पहिल्यांदा चार जणी निवडून आल्या. मतदार जिथे बसतात तिथे जाण्यावाचून त्यांनाही गत्यंतर नव्हतं, म्हणून महिला उमेदवार पुरुषांच्या दिवाणियांत जाऊन भाषणं करू लागल्या. काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. पण दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचं कसं, याचं उत्तर त्यांच्या रीतीत कुठेच नव्हतं.